शेजारच्या सीटवरचा माणूस

इंदूरकरांना मोटारींची हौस नवी नाही. माणिकबाग पॅलेस बांधून घेणारे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या संग्रहात ड्यूसेनबर्ग, बेंटलीसारख्या गाड्या होत्या. त्यांतल्या काही आजही परदेशी संग्राहकांमध्ये ‘इंदूरच्या महाराजांची गाडी’ म्हणूनच ओळखल्या जातात. पण मोटारींच्या इतिहासात नाव राहते ते मालकाचे, नाहीतर चालवणाऱ्याचे. शेजारी बसलेल्याची नोंद सहसा कोणी घेत नाही. या अंकात आम्ही अशाच एका शेजारच्या सीटवरच्या माणसाची हकीकत मांडत आहोत. त्यांचे नाव जाँ टॉड, मूळचे फ्रान्सचे.

आधी रॅली म्हणजे काय ते पाहू. ही गोल ट्रॅकवरची शर्यत नव्हे. डोंगर, जंगल, वाळवंट, गावांमधले रस्ते यांवरून गाड्या एकामागून एक सोडतात आणि प्रत्येकीचा वेळ वेगळा मोजतात. १९६८ साली लंडनहून निघालेली मॅरेथॉन रॅली दिल्लीमार्गे मुंबईला आली आणि तिथून गाड्या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. १९८० साली मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने आपल्याकडे हिमालयन रॅली सुरू झाली.

रॅलीच्या गाडीत दोघे असतात. आधी रस्ता पाहून घेताना चालक वळणांचे वर्णन सांगतो आणि सहचालक ते लिहून घेतो. प्रत्यक्ष शर्यतीत सहचालक तेच वाचून दाखवतो. पुढे डावे वळण, किती तीव्र, त्यानंतर उतार, मग पूल. एक ओळ चुकली तर दोघेही दरीत. व्यासांचे महाभारत लिहून घेताना गणपतीला अट होती, अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. सहचालकाचे कामही त्याच जातीचे.

टॉड यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९४६चा. वडील पोलंडमधून आलेले डॉक्टर. तरुणपणी वडिलांची मिनी कूपर घेऊन टॉड रॅलीत उतरले. लवकरच त्यांनी ओळखले की आपला हात स्टिअरिंगपेक्षा वहीवर चांगला चालतो. १९६६पासून ते सहचालक झाले. १९७३ साली जागतिक रॅली अजिंक्यपद सुरू झाले, त्याच वर्षी आखिम वार्मबोल्ड यांच्या शेजारी बसून त्यांनी पोलंडची रॅली जिंकली, म्हणजे वडिलांच्याच देशात. १९८१ साली गी फ्रेकलँ यांच्यासह खेळताना टॅल्बो कंपनीला निर्मात्यांचे अजिंक्यपद मिळाले. त्यानंतर टॉड यांनी गाडीतली सीट सोडली आणि प्युजो कंपनीच्या शर्यत विभागाची सूत्रे हाती घेतली.

आमच्यासारख्या फाइली सांभाळणाऱ्या सरकारी नोकराला त्यांचा हा दुसरा डाव अधिक जवळचा वाटतो. माणसे निवडायची, सुटे भाग वेळेवर पोहोचवायचे, पुढच्या अडचणीचा अंदाज आधीच बांधायचा, आणि टाळ्या दुसऱ्याला मिळू द्यायच्या. प्युजो २०५ टी-१६ने १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन जागतिक अजिंक्यपदे मिळवली. पॅरिस-डाकार रॅली तर १९८७ ते १९९० सलग चार वेळा जिंकली. १९८८ साली आघाडीवरच्या आरी वातानेन यांची गाडी मालीतल्या बामाको शहरातून चक्क चोरीला गेली. ती सापडेपर्यंत वेळ टळली होती. मग संघाचीच दुसरी गाडी जिंकली. १९८९ साली संघातले दोघे आपसात जीव धोक्यात घालून झुंजू लागले, तेव्हा टॉड यांनी नाणे उडवून निकाल लावला. कौल वातानेन यांच्या बाजूने पडला आणि तेच जिंकले.

१ जुलै १९९३ रोजी ते इटलीत फेरारीत रुजू झाले. त्या घराण्याची तेव्हा पडती वेळ होती. चालकांचे अजिंक्यपद १९७९नंतर आलेले नव्हते. टॉड यांनी घाई केली नाही. १९९६ साली मायकेल शूमाकर आले, मागोमाग रॉस ब्रॉन आणि रोरी बर्न हे तंत्रज्ञ आले. १९९९ साली निर्मात्यांचे अजिंक्यपद मिळाले आणि ८ ऑक्टोबर २०००ला जपानमध्ये शूमाकर विश्वविजेते झाले. २१ वर्षांचा वनवास संपला. निर्मात्यांची अजिंक्यपदे १९९९ ते २००४ सलग सहा.

पण सगळेच गोड नाही. १२ मे २००२ला ऑस्ट्रियात आघाडीवर असलेल्या रुबेन्स बारिकेलो यांना संघाने हुकूम दिला, शूमाकरला पुढे जाऊ दे. शेवटची रेषा दिसत असताना त्यांनी वेग कमी केला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि पुढच्या वर्षापासून असे हुकूम देण्यावर बंदी आली. शेजारून दिलेली सूचना बरोबर असूनही न्याय्य नसू शकते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

त्याआधीचाही एक हिशेब आहे. २ मे १९८६ला कोर्सिकात लान्सियाच्या गाडीतून जाताना हेन्री टोइव्होनेन आणि त्यांचे सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचा जळून मृत्यू झाला. त्या अतिवेगवान वर्गाच्या गाड्या बंद झाल्या, तेव्हा टॉड यांच्या प्युजोने त्या निर्णयाविरुद्ध कायद्याची लढाई केली. तेच टॉड २००९ ते २०२१ मोटार-शर्यतींच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या काळात २०१८पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाचे संरक्षक कडे सक्तीचे झाले. गाडी कुरूप दिसते म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. नोव्हेंबर २०२०मध्ये बहारीनला रोमॅं ग्रोजां यांची गाडी कठड्यात घुसून दुभंगली, पेटली, आणि ते आगीतून बाहेर आले. पूर्वी या कड्याला विरोध करणाऱ्यांत तेही होते. जीव वाचल्याचे श्रेय त्यांनी त्यालाच दिले.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी टॉड यांना रस्तासुरक्षेचे विशेष दूत नेमले. आयुष्यभर वेगाचा हिशेब ठेवणारा माणूस आता देशोदेशी जाऊन हेल्मेट घाला, पट्टा लावा, सावकाश जा असे सांगू लागला. आपल्या देशात २०२२ साली १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर दगावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. एबी रोडवर किंवा अन्नपूर्णा रोडवर रोज ये-जा करणाऱ्या आपल्या घरांना हा आकडा परका नाही.

शर्यत आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी येते. शेजारची सीट मात्र सगळ्यांच्या. मुलगा स्कूटर चालवतो, मागे आई बसते. जावई गाडी चालवतात, शेजारी सासरे बसतात. ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणून आपण वेगाबद्दल गप्प राहतो. टॉड यांच्या कारकिर्दीतून आम्ही एवढेच घेतले: शेजारी बसणाऱ्याचे काम पुढचे वळण वेळेवर सांगणे हे आहे, आणि ते न घाबरता सांगायला हवे.