मुंबईचा धूर आणि मावळचे पाणी

शहागडजवळून वाहणारी गोदावरी आणि मुंबईच्या गिरण्यांचा धूर यांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वावगा म्हणता येणार नाही. परंतु शहराच्या दिव्यात जळणारी वीज कोणत्या तरी खाणीतून, नदीतून किंवा शेतातून आलेली असते. शहराचा हिशेब मांडावयाचा तर ही दुसरी बाजूही मांडली पाहिजे. म्हणून आज आम्ही मुंबईची कथा सांगणार आहोत. ती शेवटी आपल्या काठाशीच येऊन थांबेल.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढील अर्धशतकात गिरणगावाचा पसारा वाढला. या गिरण्या वाफेवर चालत व वाफ कोळशावर. काही कोळसा विलायतेहून जहाजाने येई, काही बंगालहून रेल्वेने. कोळशाचे रसायन सोपे आहे. त्यातील १२ शेर कर्ब जळताना हवेतील ३२ शेर प्राणवायू ओढून घेतो आणि ४४ शेर कर्बवायू वर सोडतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती काजळी. तिचा उपद्रव इतका वाढला की १९१२ साली मुंबई सरकारला धुराविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. कायद्याने काजळीला गुन्हेगार ठरविले. अदृश्य वायूची दखल घेण्याचे कारण त्या काळी कोणासच दिसले नाही.

याच सुमारास कोळशाला पर्याय उभा राहत होता. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस तळ्यांत अडवावा आणि घाटाखाली सोडून त्यापासून वीज काढावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनाने घेतली होती. १९०४ साली ते निवर्तले. काम त्यांच्या पश्चात झाले. लोणावळ्याच्या परिसरातील तळ्यांचे पाणी सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीस आणण्यात आले आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना त्या विजेचा पुरवठा सुरू झाला. पुढे १९२२ साली भिवपुरीचे व १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी धावली. आज ज्यास अल्पकर्ब अर्थव्यवस्था म्हणतात, तिचा एक मोठा प्रयोग मुंबईने त्या नावाचा जन्म होण्यापूर्वीच केला होता. त्यामागचा हेतू मात्र स्वस्त शक्ती मिळविण्याचा होता, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु या निर्धूर विजेची किंमत कोणी दिली? भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीस नीला व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. मावळातील ५० हून अधिक गावांवर संकट आले. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. जमिनीवर ताबा असलेल्यांपैकी पुष्कळ जण पुण्याचे सावकार होते. त्यांना मोबदल्याशी कर्तव्य होते. कुळाला जमीन हवी होती. ही फूट लढ्याला भोवली. १९२४ पर्यंत झुंज चालली आणि अखेर धरण झाले. मुंबईची धुराडी थंड होत गेली ती मावळची भातखाचरे बुडवून.

आणि एवढे करूनही कोळसा सुटला नाही. मागणी वाढत गेली, पाणी पुरेना. १९५६ साली तुर्भ्याचे औष्णिक केंद्र उभे राहिले. मार्च २०२२ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यातील हिशेबाप्रमाणे २०१९ साली शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. पैकी ७२ टक्के ऊर्जेच्या वापरातून, २० टक्के वाहतुकीतून व ८ टक्के कचऱ्यातून. विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशाचाच. २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा शहराचा संकल्प आहे. देशाचा संकल्प २०७० चा आहे.

आता गोदाकाठी येऊ. कोळशाच्या केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते, कारण वाफ पुन्हा थंड करावी लागते. १९७१ पासून वीज देणाऱ्या परळीच्या केंद्राची तहान गोदावरीवरील खडका बंधाऱ्याच्या पाण्यावर भागे. आपल्या दारावरून पुढे जाणाऱ्या नदीचेच ते पाणी. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. वर पैठणला १९७६ साली पुरा झालेला नाथसागर आटत होता, आणि तळाशी राहिलेले पाणी पिण्यास द्यावे, उसास द्यावे की विजेस, हा वाद मराठवाडाभर पेटला होता. शहरासाठी जो कर्बाचा हिशेब, तो आमच्यासाठी घागरीचा हिशेब ठरतो, तो असा.

सूर्यापासून वीज काढण्यास कोळसा लागत नाही, आणि पाणी अगदी थोडे लागते. या दृष्टीने मराठवाड्याच्या उन्हाइतके हुकमी भांडवल दुसरे नाही. मात्र जमीन लागते, आणि येथेच मुळशीची आठवण ठेवली पाहिजे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेण्याची सोय आहे. २०२३ मधील तिच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. मालकी शेतकऱ्याकडे राहते, ही मुळशीहून निश्चितच पुढची पायरी होय. परंतु जो बटाईने दुसऱ्याची जमीन कसतो, त्याचे नाव भाडेपट्ट्यात नसते. शंभर वर्षांपूर्वीच्या मुळशीच्या कुळाचाही प्रश्न हाच होता.

शहरांनी धूर सोडावा, हे योग्यच आहे. त्यात आमचा पाऊस आणि आमचे पीकही गुंतलेले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की नव्या विजेचा करार होताना कसणाराही बैठकीला असावा. मावळच्या माणसाला ती बैठक मिळाली नाही. गोदाकाठच्या माणसाने ती आधीच मागून घेतली पाहिजे.