लेण्यातला नारळ आणि रश्श्यातलं खोबरं

आज शनिवार. उद्या ज्यांच्या घरी कोंबडी किंवा झिंगे होणार आहेत, त्यांनी खोबऱ्याची वाटी आत्ताच डब्यातून काढून वास घेऊन बघा. आमच्या गटातल्या एकीने मागच्या महिन्यात न बघता वाटण केलं. खोबरं खवट निघालं आणि दीड किलो कोंबडीचा रस्सा घरात कुणी तोंडात घेईना. ती हे सांगत होती आणि आम्ही हसत होतो, तेवढ्यात दुसरी म्हणाली, "अगं, पण आपल्याकडे बंगल्यांच्या आवारातली चार झाडं सोडली तर नारळ होतो कुठे? मग आपल्या प्रत्येक रश्श्यात खोबरं आलं कसं?" आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे.

नाशिकमध्ये नारळाची सगळ्यात जुनी नोंद शोधायला लांब जावं लागत नाही. पांडवलेण्यातल्या दहा नंबरच्या लेण्यात जा. तिथे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने कोरून घेतलेले लेख आहेत, साधारण 1,900 वर्षांपूर्वीचे. त्याने काय काय दान केलं त्याची ती यादी आहे. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने 3,000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले आणि त्याचं व्याज लेण्यातल्या भिक्खूंसाठी लावून दिलं. त्याच लेखात चिखलपद्र गावातली 8,000 नारळाची झाडं दिल्याचं लिहिलं आहे. दुसऱ्या लेखात नानंगोल गावच्या 32,000 झाडांचा उल्लेख आहे. हे नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचं समुद्रकाठचं नारगोळ, असं अभ्यासक मानतात. गोवर्धन मात्र आपलंच, गंगापूर रस्त्यावरचं.

म्हणजे दान कोरलं नाशिकच्या डोंगरात आणि झाडं उभी होती समुद्राकाठी. तेव्हापासून आपलं हेच चाललं आहे. नारळ खाली कोकणात, आपण घाटावर आणि मध्ये थळ घाट. त्याच लेण्यात उषवदाताच्या बायकोचंही नाव आहे, दक्षमित्रा. तिने तिथली एक खोली दान दिली, तिचा वेगळा लेख आहे. लेणं बघायला जाल तेव्हा नहपानाच्या नावाबरोबर तिचंही शोधा.

घाट चढून ओला नारळ आणणं सोपं नव्हतं. बैलाच्या पाठीवर आणायचा तर सोडणासकट वजन केवढं! आणि एकदा फोडला की दोन दिवसांत चिकट होतो, कारण ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. वाळवलं की ते सहा-सात टक्क्यांवर येतं, तेल साठ टक्क्यांच्या पुढे जातं आणि वाटी महिनोन्‌महिने टिकते. म्हणून घाटावर आलं ते सुकं खोबरं. आज आपण किराणा दुकानातून जी वाटी आणतो तिचा मोठा व्यापार कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या तिपटूरच्या बाजारात होतो. तिथे पिकलेले नारळ सोडणासकट माळ्यावर आठ-दहा महिने, कधी वर्षभरही ठेवतात. आतलं पाणी आपोआप आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं आणि नारळ हलवला की आत गोटा खुळखुळतो. हेच गोटा खोबरं.

आता चव बघा. ओला नारळ गोड आणि दुधाळ. सुकं खोबरं विस्तवावर धरलं की त्याचं तेल सुटतं, कडा काळपट होतात आणि वास पार बदलतो. आमच्या आज्या आख्खी वाटी आणि सालासकट कांदा चुलीच्या निखाऱ्यात भाजायच्या. वरची राख झटकून, लसूण, आलं, धणे, तीळ घालून ते पाट्यावर वाटायच्या. रश्श्यावर लालभडक तर्री येते ती बरीचशी त्या खोबऱ्याच्या तेलाची. लाल रंग अर्थात मिरचीचा, आणि मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनंतर आली, म्हणजे सोळाव्या शतकात किंवा त्याच्याही पुढे. उषवदाताच्या काळात कुणी खोबरं वाटलंच असेल तर ते मिऱ्याबरोबर वाटलं असणार. "आपला पारंपरिक झणझणीत रस्सा" म्हणताना आम्हाला हे आठवतं आणि जरा हसू येतं.

पण खोबऱ्याचं खरं काम चवीपेक्षा वेगळं होतं. ते आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, आयांना आणि सासूबाईंना विचारल्यावर कळलं. घरात माणसं बारा आणि कोंबडी एक, तीही गावरान, साफ केल्यावर किलोभर भरली तर नशीब. ती बारा जणांना पुरवायची कशी? वाटण वाढवायचं. एका वाटीच्या जागी दोन वाट्या खोबरं, वर मूठभर तीळ, आणि खोबरं परवडत नसेल तर भाजलेल्या धान्याचं येसर. पातेलं भरतं, रस्सा दाट राहतो, भाकरी चुरून पोट भरतं. फोडी आधी पाहुण्यांना, मग घरातल्या पुरुषांना, मग पोरांना. वाटणारणीच्या ताटात रस्सा, मान आणि पंखाचं टोक. आमच्यातल्या एकीची आई म्हणाली, "मला कोंबडीची तंगडी कशी लागते ते लग्नानंतर चौदा वर्षांनी कळलं, मुलगा शहरात नोकरीला लागला तेव्हा." ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. आम्हालाच ते ऐकवेना.

समुद्राकाठच्या स्वयंपाकाची निदान नोंद तरी झाली. मुंबईच्या लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 साली निघालं आणि पाठारे प्रभू घरांतल्या रीती त्यात लिहून राहिल्या. निखाऱ्यात वाटी किती वेळ धरायची, हे आपल्याकडे असं कुणी तेव्हा लिहून ठेवल्याचं आमच्या पाहण्यात नाही.

आता झिंग्यांकडे येऊ. आपल्याकडे झिंगा आधी आला तो वाळून, सुकट म्हणून. आठवड्याच्या बाजारात सुकट-बोंबिलाचं दुकान लागतं, त्याचा वास गल्लीच्या तोंडाशीच येतो. सुकट तव्यावर कोरडी भाजायची, डोकी-शेपट्या चोळून पाखडायची आणि कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं यांत परतायची. खोबरंही वाळलेलं आणि झिंगाही वाळलेला, दोघांनी घाट एकाच कारणाने असा चढला.

मग 1865 साली थळ घाटातून रेल्वे वर आली. 37 फुटांना 1 फूट असा तो चढ, गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. तरीही मुंबईहून निघालेली पाटी आता नासायच्या आत नाशिक रोडला पोचू शकत होती. गाडीबरोबर माणसंही आली. देवळालीची छावणी होतीच. 1925 च्या सुमारास नाशिक रोडला नोटा-तिकिटांचा छापखाना उभा राहिला आणि ठिकठिकाणची कुटुंबं तिथे नोकरीला आली. त्यांच्यातल्या कोकणातल्या आणि गोव्याकडच्या बायकांनी खवणी बरोबर आणली. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी शेजारणीला पहिल्यांदा नारळाच्या दुधातली कोळंबी खायला दिली तेव्हा शेजारीण म्हणाली, "काकू, हे गोड कालवण काय करायचं?" पुढे तीच बाई दर रविवारी नारळ फोडून मागायला येऊ लागली.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी सांगतो. झिंगे सोलून पाठीतला काळा दोरा काढा, हळद-मीठ-लिंबू लावून ठेवा. नारळ खवून थोड्या कोमट पाण्यात वाटा आणि पिळा, हे जाड दूध बाजूला ठेवा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ दूध काढा. कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची परतून पातळ दूध घाला, उकळी आली की झिंगे सोडा. पाच-सहा मिनिटं पुरे, जास्त शिजले तर रबरासारखे होतात. आच अगदी मंद करून शेवटी जाड दूध घाला आणि उकळी फुटायच्या आत उतरवा, नाहीतर दूध फुटतं. कोकम घालायचं तर दोनच, तेही गॅस बंद केल्यावर. कोंबडी करायची तर तीच रीत, फक्त कोंबडी पातळ दुधात पूर्ण शिजू द्या.

कोंबडीचा हिशोब बदलला तो ब्रॉयलरमुळे. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या वीसेक वर्षांत पाच-सहा आठवड्यांत तयार होणारा पक्षी सगळीकडे गेला. आपल्या जिल्ह्यातही गावोगाव शेड उभ्या राहिल्या, त्यातल्या कित्येक बायकाच सांभाळतात. फोडी सगळ्यांना पुरू लागल्या. वाटण मात्र कमी झालं नाही, कारण तोवर जिभेला तीच चव लागली होती.

आता गंमत अशी की खोबरंच महाग झालं. 2025 च्या हंगामासाठी सरकारने गोटा खोबऱ्याचा आधारभूत भाव क्विंटलला 12,100 रुपये धरला होता, बाजारात तो त्याच्या बराच वर गेला. वाणी वाटी मोडून द्यायला लागला. आमच्यातल्या दोघींनी वाटणात निम्मे शेंगदाणे घालायला सुरुवात केली आहे, एकीने पुन्हा येसर दळून आणलं. आणखी एक अडचण आहे, ती भावाची नाही. भाड्याचं घर बघायला गेलं की अजूनही पहिला प्रश्न येतो, "नॉनव्हेज करता का?" आमच्या गटातली एक जण तीन वर्षं सुकट माहेरी जाऊनच खात होती. मागच्या दिवाळीत तिने घर बदललं. नव्या घरात सामान लावलं त्याच संध्याकाळी तिने खिडक्या उघड्या ठेवून सुकट भाजली आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं.

तुमच्या आजीच्या वाटणात काय काय असायचं, किती माणसांना ते पुरायचं आणि तिच्या स्वतःच्या ताटात काय यायचं, हे आम्हाला लिहून पाठवा किंवा केंद्रावर येऊन बोला. आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. पुढच्या शनिवारी भेटू.