पाहुण्याने पृथ्वीवर का यावे? आरेसिबो संदेशावरील भाष्य

16 नोव्हेंबर 1974 रोजी पोर्तो रिकोमधील आरेसिबोच्या 305 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने शौरी तारकासमूहातील एम 13 या तारकागुच्छाकडे एक संदेश धाडला. फ्रँक ड्रेक आणि सहकाऱ्यांनी रचलेल्या या संदेशात 1,679 बिट आहेत. 23 आणि 73 या मूळ संख्यांचा हा गुणाकार. 73 ओळींत 23-23 बिट मांडले की चित्र उमटते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी तेव्हा आक्षेप घेतला, की असा ठावठिकाणा कळवणे धोक्याचे आहे. धोका खरा असेल तर येणाऱ्याला येण्याचे कारण हवे. संदेशाच्या सात खंडांत ते आहे का, ते क्रमाने पाहू.

खंड 1 : एक ते दहा अंक.
हा खंड पुढील वाचनाची किल्ली आहे. तारे ओलांडणाऱ्याला गणितासाठी पृथ्वी नको.

खंड 2 : 1, 6, 7, 8, 15.
हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस यांचे हे अणुक्रमांक. लुटीची भीती इथेच तपासावी. हायड्रोजन विश्वात सर्वत्र आहे. उरलेली मूलद्रव्ये ताऱ्यांत घडतात आणि अवकाशभर विखुरतात. पाणी हवे असेल तर गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखाली आपल्या महासागरांहून अधिक पाणी असावे असा अंदाज आहे. धातू लघुग्रहांवर मिळतील. पृथ्वीवरून माल उचलायचा तर सेकंदाला 11.2 किलोमीटरचा मुक्तिवेग गाठावा लागतो. शहाणा लुटारू इथे उतरणारच नाही.

खंड 3 : डीएनएचे घटक.
शर्करा, फॉस्फेट आणि चार बेस यांची ही सूत्रे. हेही केवळ आपले नाही. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत अमिनो आम्ले सापडली. बेन्नू लघुग्रहावरून 2023 मध्ये आणलेल्या नमुन्यात डीएनए आणि आरएनएचे मिळून पाचही बेस आढळले.

खंड 4 : दुहेरी सर्पिल आणि एक संख्या.
संख्या सुमारे 430 कोटी : मानवी जनुकसंचातील बेसच्या जोड्यांचा त्या वेळचा अंदाज. प्रत्यक्षात त्या 300 कोटींहून थोड्याच अधिक आहेत. पण खरी उणीव वेगळी आहे. संदेश अक्षरांची संख्या सांगतो, त्यांचा क्रम सांगत नाही. तो क्रम निसर्गनियमांवरून गणिताने काढता येत नाही. किमान 350 कोटी वर्षांतील उत्परिवर्तने, निवड, हिमयुगे, उल्कापात यांतून तो घडला. दुसऱ्या ग्रहावर जीवन असले तरी हाच इतिहास तिथे घडलेला असणार नाही. विश्वात अन्यत्र न मिळणारी गोष्ट आपल्याकडे एवढी एकच आहे.

खंड 5 : माणूस, त्याची उंची, लोकसंख्या.
पाहुणा आपल्यासाठी येईल, हे या खंडाचे गृहीतक. मात्र वातावरणात ऑक्सिजन साठू लागला त्याला सुमारे 240 कोटी वर्षे झाली. आपले रेडिओ प्रक्षेपण जेमतेम शतकाचे आहे. वर्णपट वाचणाऱ्याला इथे जीवन असल्याचा सुगावा माणसाच्या कितीतरी आधी लागू शकला असता.

खंड 6 : सूर्यमाला, तिसरा ग्रह माणसाकडे सरकवलेला.
हा पत्ता. वाट मात्र फार लांबची. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, 4.24 प्रकाशवर्षांवर आहे; व्हॉयेजर 1 च्या वेगाने तिथवर 70 हजारांहून अधिक वर्षे लागतील. एम 13 तर सुमारे 25 हजार प्रकाशवर्षे दूर. एवढी वाट तुडवायला कारणही तेवढेच मोठे हवे.

खंड 7 : दुर्बीण.
शेवटच्या खंडात संदेश स्वतःचे साधन दाखवतो, आणि भेटीविरुद्धचा सर्वांत बळकट युक्तिवाद हाच. माहिती प्रकाशाच्या वेगाने जात असेल तर देह कशाला न्यावा? उत्तर चौथ्या खंडात आहे : आपण वाचलेलेच आपण पाठवू शकतो. पृथ्वीवरील बहुसंख्य सूक्ष्मजीवांचे वर्णनही अजून झालेले नाही. न वाचलेले वाचायचे असेल तर इथे यावेच लागेल.

म्हणून माझा निष्कर्ष असा. द्रव्याच्या लोभ्याला येण्याचे कारण नाही. जीवनाच्या इतिहासाची ओढ असलेल्याला कारण आहे, आणि जे वाचायला यायचे तेच नष्ट करण्यात त्याचा तोटा आहे. परक्यांचे हेतू आपल्या तर्काने चालतीलच याची हमी नाही, तरी राईल यांच्या भीतीपेक्षा हा तर्क मला भक्कम वाटतो. एक प्रजाती नामशेष होते तेव्हा त्या इतिहासाची एक प्रत कायमची जाते. आज ती घालवणारे आपणच आहोत, आणि ते थांबवणेही आपल्याच हाती आहे.