न ऐकलेल्या गाण्यांची स्मृती

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील शे स्टेडियममध्ये बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघा गायक-वादकांचा जलसा झाला. सुमारे ५५,६०० श्रोते जमले होते आणि तिकिटविक्रीचे उत्पन्न ३,०४,००० डॉलर झाले. प्रत्यक्ष गायन मात्र बारा गाण्यांचे, जेमतेम अर्ध्या तासाचे. इतक्या अल्प प्रसंगाविषयी त्यानंतरच्या सहा दशकांत जितके सांगितले गेले तितके रात्ररात्र रंगलेल्या मैफलींविषयीही क्वचितच सांगितले गेले असेल. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण त्या दिवशी शाळकरी वयाचे होते आणि त्यांतही मुलींचा भरणा मोठा होता. त्यांच्या कथनात दोन विधाने शेजारीशेजारी उभी असतात. गाणे जवळजवळ ऐकू आलेच नाही, हे पहिले; आणि आयुष्यात तसा प्रसंग पुन्हा आला नाही, हे दुसरे. यांतील पहिले विधान पुरावा म्हणून स्वीकारायचे आणि दुसरे भाबडेपणाच्या खाती टाकायचे, अशी संगीताच्या इतिहासलेखनात एक रूढी पडून गेली आहे. ती रूढी तपासून पाहण्याजोगी आहे.

पहिल्या विधानाची सत्यता वादातीत होय. शे स्टेडियम बेसबॉलच्या खेळासाठी बांधलेले आणि तेव्हा अवघे एक वर्ष जुने होते. गायकांचा मंच मैदानावर दुसऱ्या बेसच्या जवळ उभारला होता आणि मैदानात श्रोत्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे अगदी पुढच्या रांगेतील माणूसदेखील मंचापासून फार दूर होता. या दौऱ्यासाठी व्हॉक्स कंपनीने १०० वॉटचे ध्वनिवर्धक मुद्दाम तयार करून दिले होते, ही त्या काळी नवलाची गोष्ट. पण गायकांचा आवाज गेला तो स्टेडियमच्याच ध्वनिक्षेपकांतून, खेळाडूंची नावे पुकारण्यासाठी जे बसवलेले असतात त्यांतून. त्याला तोंड द्यायचे होते पंचावन्न हजार कंठांना. मंचावरच्यांना आपलाच आवाज ऐकू यावा यासाठी कलावंतांकडे तोंड करून ठेवलेले ध्वनिक्षेपक आज सर्वत्र असतात. तेव्हा ते नव्हते. त्या दौऱ्यांत साथीदारांच्या पाठमोऱ्या हालचालींवरून गाणे कोठवर आले आहे याचा अंदाज घ्यावा लागे, असे ढोलवादक रिंगो स्टार यांनी पुढे सांगितले आहे. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या संचाने १९७४मध्ये ध्वनिक्षेपकांची एक भिंतच मंचामागे उभी केली, तेव्हा कोठे मोठ्या मैदानातील श्रोत्याला संगीत स्पष्ट ऐकवण्याचा प्रश्न मार्गी लागू लागला. बीटल्सचे मैदानातील दिवस त्यापूर्वीच, १९६६मध्येच, संपले होते.

संगीत ऐकूच येत नव्हते, मग ही मुले तेथे कशासाठी गेली? समकालीन टीकाकारांजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार होते. पॉल जॉन्सन यांनी २८ फेब्रुवारी १९६४च्या ‘न्यू स्टेट्समन’मध्ये बीटल्सवेडाचा धोका सांगणारा एक लेख लिहिला. दूरचित्रवाणीवर दिसलेल्या तरुण श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांनी त्या पिढीतील मंद, आळशी आणि अपयशी मुलांचे चित्र त्यात रंगवले. चेहरे पाहून अंतःकरणाचा निकाल देण्याची ही रीत टीकेला शोभणारी नव्हे. परंतु तो लेख गाजला, आणि मैदानात किंचाळणारी मुलगी ही विचारशून्यतेची प्रतिमा म्हणून रूढ झाली. १९८६मध्ये बार्बरा एरनराइख, एलिझाबेथ हेस आणि ग्लोरिया जेकब्स या तिघींनी याच किंकाळीत स्त्रियांच्या बंडाचा पहिला सामुदायिक उद्गार ऐकला. घरात, शाळेत आणि चर्चमध्ये मर्यादेने वागण्याची सक्ती असलेल्या मुलींना येथे प्रथमच हजारोंच्या संगतीने मर्यादा सोडता आली, हा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ. जॉन्सन यांच्या अवहेलनेपेक्षा तो कितीतरी न्याय्य आहे, हे निःसंशय. तथापि दोन्ही मतांत एक साम्य उरतेच: दोन्हींमध्ये ती मुलगी हा अर्थ लावण्याचा विषय आहे. तिचे स्वतःचे सांगणे ऐकून घ्यायला त्या मानाने उशीरच झाला. गॅरी बर्मन यांनी चाहत्यांच्या आठवणींचा संग्रह काढला तो २००८मध्ये, आणि रॉन हॉवर्ड यांचा बीटल्सच्या दौऱ्यांवरील माहितीपट आला तो २०१६मध्ये.

या आठवणी वाचताना प्रथम जाणवते ती त्यांतील संगीताची अनुपस्थिती. अमुक गाण्याची अमुक जागा कशी घेतली गेली, हे कोणी सांगत नाही. सांगतात ते तिकिटाबद्दल: पाच-साडेपाच डॉलर ही रक्कम शाळकरी मुलाच्या दृष्टीने लहान नव्हती. सांगतात प्रवासाबद्दल, कपड्यांबद्दल, सोबत आलेल्या मैत्रिणीबद्दल, कानांत कापूस घालून शेजारी बसून राहिलेल्या वडिलांबद्दल. नटी व्हूपी गोल्डबर्ग यांचा जन्म १९५५चा. म्हणजे शे स्टेडियमच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. हॉवर्ड यांच्या माहितीपटात त्यांनी सांगितलेल्या आठवणीचा केंद्रबिंदू बीटल्स नाहीतच, त्यांची आई आहे. तिकिटे परवडण्याजोगी नव्हती. तरी कोठे निघालो आहोत याचा पत्ता लागू न देता आईने मुलीला बाहेर काढले आणि स्टेडियमपाशी पोहोचल्यावर तिकिटे पुढे केली. जागा अगदी वरच्या मजल्यावरच्या. तेथून ते चौघे केवढे दिसले असतील, हे सांगायला नको. पण या आठवणीत दृष्टीच्या टप्प्याला महत्त्व उरलेलेच नाही. परवडत नाही म्हणून जे मिळणार नव्हते ते आईने मिळवून दिले, एवढी एक गोष्ट तेथे साठून राहिली आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही मुले गाणी ऐकायला तेथे गेलेलीच नव्हती, कारण गाणी त्यांना पाठ होती. घरातील ध्वनिमुद्रिका झिजेपर्यंत त्यांनी ती ऐकलेली होती. भारतीय मैफलीतला श्रोता आज राग कसा उलगडेल या उत्सुकतेने येतो. शे स्टेडियममधला श्रोता काय होणार हे अगोदरच जाणून आलेला होता, आणि खोलीच्या एकांतात जे आपले एकट्याचे वाटले होते ते इतक्या सगळ्यांचेही आहे, याचा प्रत्यय त्याला तेथे आला. या अर्थाने त्या मैदानाची तुलना करायचीच तर ती मैफलीपेक्षा यात्रेशी करणे अधिक योग्य. यात्रेकरूला गाभाऱ्यातील मूर्ती क्षणभरच दिसते, कित्येकदा गर्दीत दिसतही नाही. म्हणून यात्रा वाया गेली असे तो कधी म्हणत नाही. मात्र ही तुलना फार ताणू नये. यात्रेला पिढ्यांची परंपरा असते, आणि येथे परंपरा म्हणावी असे काहीच नव्हते. संचाच्या अमेरिकेतील पहिल्या आगमनाला, फेब्रुवारी १९६४ला, पुरते दीड वर्षच झाले होते.

समुदायाच्या या अनुभवाला निव्वळ भावुकता म्हणता येत नाही, याचा पुरावा फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिलचा आहे. तेथील गेटर बोल या स्टेडियममध्ये ११ सप्टेंबर १९६४ रोजी कार्यक्रम ठरला होता. वंशभेदाला कायद्याने मनाई करणाऱ्या नागरी हक्क अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी होऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. कायदा झाला म्हणून दक्षिणेकडील रिवाज एका रात्रीत बदललेले नव्हते. कृष्णवर्णीयांना वेगळे बसवले जाणार असेल तर आम्ही गाणार नाही, असे बीटल्सनी जाहीर केले, आणि श्रोते एकत्र बसले. कार्यक्रमापूर्वीच डोरा हे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळून गेले होते; तरी हजारो लोक आले. पुढे मौखिक इतिहासाच्या क्षेत्रात नाव मिळवलेल्या लेखिका किटी ऑलिव्हर त्या दिवशी त्या गर्दीत एक कृष्णवर्णीय तरुणी म्हणून उपस्थित होत्या. गोऱ्या लोकांच्या इतक्या मोठ्या समुदायात मिसळून बसणे, आणि काही काळ तरी भेद विसरून सगळ्यांच्या ओरडण्यात आपला आवाज मिळवणे, हे त्यांच्या आठवणीचे सार आहे. त्यांना गाणी कितपत ऐकू आली हा प्रश्न येथे विचारणेच अप्रस्तुत ठरते. पुढील वर्षीच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमाच्या करारात विभागलेल्या श्रोत्यांसमोर गाण्याची सक्ती केली जाऊ नये, असे लेखी कलम घातले गेले. तो कागद २०११मध्ये लिलावात आला, तेव्हा सर्वांना वाचायला मिळाला. त्या कलमाने प्रत्यक्षात काय घडवले हे मात्र कागदावरून कळत नाही, त्यासाठी जॅक्सनव्हिलच्या बाकांवर बसलेल्या माणसाकडेच जावे लागते.

याचा अर्थ या आठवणी जशाच्या तशा स्वीकाराव्यात असा नव्हे. शे स्टेडियमच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले होते. तो चित्रपट १ मार्च १९६६ रोजी बीबीसीवर आणि जानेवारी १९६७मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर दाखवला गेला. पण त्यातील ध्वनी सर्वस्वी त्या मैदानातला नाही. मूळ ध्वनिमुद्रण सदोष निघाल्यामुळे ५ जानेवारी १९६६ रोजी लंडनच्या एका स्टुडिओत चौघांनी काही भाग पुन्हा गाऊन-वाजवून त्यात भरला, आणि एका गाण्याच्या जागी तर सरळ ध्वनिमुद्रिकेवरचेच गाणे जोडले. शेवटच्या गाण्यात जॉन लेनन पेटीसदृश विद्युत्-वाद्याच्या पट्ट्यांवर कोपर फिरवताना या चित्रपटात दिसतात. हे दृश्य अनेकांच्या आठवणीत पक्के बसले आहे. वरच्या मजल्यावरून ते खरोखर किती जणांना दिसले असेल? स्मृतीने येथे कॅमेऱ्याचा डोळा उसना घेतला आहे. २०१६मध्ये माहितीपटाबरोबर याच चित्रीकरणाची स्वच्छ केलेली आवृत्ती चित्रपटगृहांत दाखवण्यात आली, तेव्हा त्या दिवशी हजर असलेल्या वृद्ध प्रेक्षकांना आपल्याच कार्यक्रमातील गाणी प्रथमच नीट ऐकता आली, आणि त्यांतील काही तर लंडनमध्ये मागाहून गायलेली होती!

लॉस अँजेलिसच्या हॉलिवुड बोल या खुल्या रंगमंचावर १९६४ आणि १९६५मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांची कथा याहून निराळी नाही. किंकाळ्यांच्या कल्लोळामुळे ती बाजारात आणण्याजोगी नाहीत, असा त्या वेळी निर्णय झाला आणि ती एक तपाहून अधिक काळ पडून राहिली. जॉर्ज मार्टिन यांनी ती १९७७मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी २०१६मध्ये नव्या तंत्राने किंकाळ्या मागे सारून गाणे पुढे आणले. तंत्रज्ञांचे हे कौशल्य वाखाणण्यासारखेच आहे. परंतु जो गोंगाट दूर करण्यासाठी दोन पिढ्या राबल्या, तोच त्या श्रोत्यांचा स्वतःचा आवाज होता, आणि त्या संध्याकाळी त्यांना सर्वांत स्पष्ट ऐकू आला होता तोही तोच. १९६४च्या त्या गर्दीत नटी सिगर्नी वीव्हर किशोरवयात उपस्थित होत्या. हॉवर्ड यांच्या माहितीपटासाठी जुने चित्रीकरण धुंडाळताना त्यांचा चेहराही सापडला. इतरांच्या बाबतीत असा योग नाही. त्या फीतींवरील अनामिक आवाजांत आपला आवाज कोठला, हे त्यांना कोणीही शोधून देऊ शकणार नाही.

२३ ऑगस्ट १९६६ रोजी बीटल्स पुन्हा शे स्टेडियममध्ये गायले, तेव्हा हजारो जागा रिकाम्या होत्या. आठवणींच्या साहित्यात या दुसऱ्या कार्यक्रमाला जवळजवळ स्थान नाही. त्यानंतर सहा दिवसांनी, २९ ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर त्यांचा तिकीट लावलेला अखेरचा जलसा झाला. सुमारे २५,००० श्रोते होते आणि येथेही बऱ्याच जागा भरल्या नव्हत्या. हा अखेरचा कार्यक्रम आहे हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. त्यामुळे त्या संध्याकाळच्या आठवणींत आज जी हुरहुर दिसते ती नंतरची भर होय. गायकांना मात्र कल्पना असावी. त्यांनी मंचावर कॅमेरा नेऊन स्वतःची छायाचित्रे काढली, आणि पॉल मॅकार्टनी यांनी प्रसिद्धीप्रमुख टोनी बॅरो यांना हातातील लहान यंत्रावर कार्यक्रम मुद्रित करून ठेवण्यास सांगितले. त्या फितीची एक बाजू अर्ध्या तासाची होती. ती शेवटच्या गाण्याच्या मध्यावर संपली. बीटल्सच्या दौऱ्यांतील शेवटच्या गाण्याचा उत्तरार्ध त्या फितीत नाही. असेल तर तेथे हजर असलेल्यांच्या आठवणीतच असेल.

यानंतर जेमतेम दोन आठवडे लोटले आणि जॉर्ज हॅरिसन रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस येऊन ताजमहाल हॉटेलात टोपणनावाने उतरले. तेथील एका कर्मचाऱ्याने त्यांना ओळखले, बातमी फुटली आणि हॉटेलाबाहेर तरुणांची गर्दी लोटली. येथे ना मंच होता, ना ध्वनिवर्धक, ना गाणे. तरी गर्दीची जात तीच होती. अखेर गुरुशिष्यांना मुंबई सोडून श्रीनगरच्या सरोवरातील नौकागृह गाठावे लागले. त्या दिवशी अपोलो बंदरावर ताटकळत उभ्या राहिलेल्या मुंबईकर मुलामुलींच्या आठवणी कोणी गोळा केल्या असत्या, तर न्यूयॉर्कच्या आठवणींच्या शेजारी त्या ठेवून पाहता आल्या असत्या.

शे स्टेडियममधला अखेरचा संगीताचा कार्यक्रम १८ जुलै २००८ रोजी बिली जोएल यांनी केला. त्यात मॅकार्टनी अकस्मात मंचावर आले आणि दोन गाणी गायले. पुढील वर्षाच्या आरंभी स्टेडियम पाडून झाले. त्यातील खुर्च्यांच्या जोड्या ८६९ डॉलरला विकण्यात आल्या. हा आकडा न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉलच्या संघाच्या १९८६ आणि १९६९ या दोन विजयी वर्षांवरून निवडला होता. १९६५ला त्यात जागा नव्हती. त्या जमिनीवर आता शेजारच्या नव्या स्टेडियमचा वाहनतळ आहे. जुन्या मैदानातील बेसच्या जागा तेथे खुणांनी दाखवल्या आहेत, आणि दुसऱ्या बेसची खूण जेथे आहे त्याच्याच आसपास १५ ऑगस्ट १९६५चा तो मंच उभा होता.