जावळ न काढलेला पाहुणा

वाचकहो, कुत्र्याच्या केसांवरून इतिहासात शिरण्याची पाळी माझ्यासारख्या मास्तरावर यावी, याचे मलाच नवल वाटते. गेल्या मे महिन्यात माझी भाची परीक्षेला जाताना आपला ‘यॉर्कशायर टेरियर’ जातीचा कुत्रा अमरावतीस माझ्याकडे ठेवून गेली. वजन जेमतेम ३ किलो. पाठीवर पोलादी निळसर, जमिनीला टेकणारे रेशमी केस. “मामा, केसांना कात्री लावायची नाही हं!” अशी तिची ताकीद.

त्याला घेऊन मी अकोल्याजवळच्या आमच्या शेतावर गेलो. आमचा म्हातारा गडी त्याच्याकडे पाहून म्हणाला, “मास्तर, या लेकराचं जावळ काहून नाही काढलं?”

मला वाटे, हा प्राणी श्रीमंतांच्या मांडीवरच जन्मला असावा. पुस्तके चाळली तेव्हा कळले, की हा तर गिरणीकामगारांचा! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडातले विणकर पोटासाठी यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांत आले. बरोबर त्यांची झिपरी कुत्रीही आली. काम उंदीर मारण्याचे. त्यांचे केस मागावरच विणलेले असतात, अशी थट्टाही होई. या जातीचा मूळ पुरुष ‘हडर्सफील्ड बेन’ १८६५ साली जन्मला आणि १८७१ साली गाडीखाली सापडून मेला. एवढ्याशा आयुष्यात त्याने उंदीर मारण्याच्या शर्यती जिंकल्या आणि प्रदर्शनांतली बक्षिसेही मिळविली.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. १८७० साली लॉर्ड मेयोने खामगावचा फाटा खुला केला. त्याच १८७० साली या कुत्र्याला ‘यॉर्कशायर’ हे नाव पडले. यॉर्कशायर मुख्यतः लोकरीचा मुलूख, हे खरे. पण लँकेशायरातल्या एखाद्या विणकराच्या मागावर आमचा कापूस आणि पायाशी या पाहुण्याचा पणजोबा, असे चित्र मला उगाच दिसू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र इतिहास बाजूला राहिला. पाहुणा शेतात हिंडून आला तो लडखडत, जीभ बाहेर काढून. केसांत कुसळे रुतली होती. या जातीच्या केसांखाली लोकरीचे अस्तर नसते. केस माणसासारखे वाढतच राहतात आणि रोज विंचरले नाहीत तर जटा होतात. मी दोन दिवस फणीला हात लावला नव्हता! त्याला सावलीत नेले, ओला पंचा पोटाला नि पंजांना लावला, थोडे थोडे पाणी पाजले. गळ्यातला पट्टाही काढला. या जातीची श्वासनलिका नाजूक, पट्टा छातीलाच बांधायचा असतो. मग देवाचे नाव घेऊन कात्री चालवली. केस बोटभर राखले. उघडी कातडी उन्हाने भाजते. संध्याकाळी अकोल्यास जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून आणले.

भाची आली आणि तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मीही काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गड्याने तिला कापसाच्या कोठीत नेले आणि ओळीने मांडून ठेवलेले दोन मेलेले उंदीर दाखविले.