धागा एक, विणकर अनेक

कापूस पिकला म्हणजे लुगडे तयार झाले, असे खान्देशात कोणी म्हणणार नाही. सरकी काढावी लागते, सूत जाड की बारीक ते ठरवावे लागते, मग मागावर वीण पडते. आपल्या शरीरातही असा एक धागा आहे. त्याचे नाव कोलॅजेन. कातडी, हाडे, कंडरा आणि दात यांना तोच धरून ठेवतो.

१९५६-५७ मध्ये जळगाव जिल्ह्यात गिरणाकाठी, बहाळसमोरच्या टेकवाडे येथे म. न. देशपांडे यांच्या उत्खननात ताम्रपाषाण युगातील दफने उघडी झाली. एवढ्या जुन्या हाडांत खनिज उरते. पण उष्ण मुलखात कोलॅजेन विरून जाते. म्हणून आपल्याकडील प्राचीन हाडांचे वय कार्बन पद्धतीने काढणे अवघड जाते.

हा धागा असतो कसा, हे त्याच सुमारास मद्रास विद्यापीठात उलगडले होते. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ व १९५५ मध्ये दाखवून दिले की, कोलॅजेन म्हणजे तीन साखळ्यांचा दोरासारखा पीळ.

पण एकाच धाग्यापासून मऊ कातडी आणि टणक दात कसे होतात? याचे बरेचसे उत्तर इतर प्रथिनांत आहे. डेकोरिन नावाचे प्रथिन तंतूंना बिलगून त्यांची जाडी आवरते. ते नसलेल्या उंदरांवरचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या कातडीतले तंतू ओबडधोबड होते आणि कातडी सहज फाटत होती.

दाताच्या पांढऱ्या कवचाखाली डेंटिनचा थर असतो. तिथे आधी कोलॅजेनचे जाळे पडते. मग फॉस्फरसयुक्त प्रथिने त्याला चिकटतात आणि कॅल्शियमचे क्षार जाळ्यात बसवायला मदत करतात. या प्रथिनांच्या जनुकात दोष असला, तर दात निळसर-तपकिरी होतात, कवच उडते आणि दात झिजून हिरडीला टेकतात. हा दोष २००१ मध्ये सापडला. तो आईकडून किंवा वडिलांकडून मुलात उतरतो.

असे मूल दिसले की आपण चटकन म्हणतो, घासत नसेल, नाहीतर मिश्री लावत असेल. पण त्या मुलाने काहीच चुकवलेले नसते. त्याच्या दाताची वीणच वेगळी पडलेली असते. वेळीच दंतवैद्याकडे नेऊन टोप्या बसवल्या, तर दात पुष्कळ वाचतात. त्याला बोल लावण्याआधी एवढे तरी करावे.