भरतीरेषा, दोनशे मीटर आणि आपल्या जमिनीचा भाव

भाताची झोडणी आटपली, पेंढा रचून झाला. काल बांधावर पुतण्यानं विचारलं, "काका, रस्त्याकडच्या बिनशेती प्लॉटला एवढा भाव, आणि समुद्राकडच्या आपल्या वाडीला गिऱ्हाईक का नाही?" उत्तर जरा मागे जाऊन द्यावं लागतं.

नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नका. पत्र ते पत्रच. कायद्याचं बळ आलं १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेनं. गावांकडच्या किनाऱ्याला पहिले २०० मीटर नवं बांधकाम बंद. शेती, बागायत, मीठ चालेल. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती चालेल, पण जोतं वाढवायचं नाही. २०० ते ५०० मध्ये परवानगी, तीही अटी घालून: उंची ९ मीटर, तळमजला अधिक एक.

आता आपलं काशीद बघा. डोंगराच्या अंगाला फणसाड, एकेकाळचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. दुसरीकडे समुद्राची रेघ. बांधता येईल अशी जमीन उरली मधल्या पट्टीत. त्यातही कूळकायद्याचं कलम ६३: शेतजमीन घेणारा शेतकरीच पाहिजे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. म्हणून बाहेरचा माणूस बिनशेती प्लॉटच शोधतो, आणि ते मोजकेच.

त्याच १९९१ साली मुंबईच्या नव्या नियमावलीत शहर भागाला एफएसआय १.३३ ठरला. तिकडे जागेला झाकण, इकडेही झाकण. पण पैसा काय झाकणाला ऐकतो? वीकेंडचं घर शोधत तो अलिबाग-मुरूडच्या रस्त्याला लागला.

म्हंजे गंमत अशी, की नियमानं मागणी कमी होत नाही, नुसती सरकते. रेघेच्या आतली मोकळी वाडी पडेल भावाची, रेघेबाहेरचा तुकडा सोन्याचा, आणि रेघेच्या आत आधीपासून अधिकृत उभं असलेलं घर सगळ्यात महाग, कारण तसं दुसरं आता होणार नाही. एकाच सातबाऱ्यावरच्या दोन भावांची वाटणी अशीच फिसकटते. आमच्या घरात फिसकटली. कागदावर गुंठे सारखे होते, किंमत नव्हती.

२०११ मध्ये पारंपरिक किनारी लोकांच्या घरांसाठी १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात वाट काढली. २०१९ च्या अधिसूचनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्तीच्या ग्रामीण भागाला ५० मीटर, बाकीच्यांना २०० च. रेघ सरकली की भाव सरकतो. ज्याला आधी कळलं तो घेऊन बसतो, ज्याला उशिरा कळलं तो विकून बसतो.

मी नियमाच्या विरोधात नाही. तो नसता तर सुरूच्या जागी सिमेंट दिसलं असतं. पण किनारा राखण्याचा भार वाडीवाल्यावर आणि वाढलेला भाव दुसऱ्याच्या खिशात, हा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

तोवर एवढं करा. सातबाऱ्यावर ही रेघ दिसत नाही. विसार घेण्याआधी, वाटणी करण्याआधी, सीआरझेडच्या नकाशावर आपला गट नंबर बघून घ्या.